घरी कॉकटेल करायला काय काय लागतं? आधी मोजमाप आणि बर्फ, शेकर नंतर

प्रश्न असा आहे: गोव्यात फोंड्याला राहतो, शनिवारी चार-सहा मित्र जमतात, घरात काजूची फेणी, जिन आणि रम असते. ऑनलाइन वीस-बावीस नगांचा बार-सेट लाकडी स्टँडसकट मिळतोय. तो घ्यावा, की सुटी साधनं घ्यावीत? आणि त्यातलं खरोखर लागतं काय?

सेट घेऊ नका. त्या बावीस नगांत बाटलीला लावायच्या चोची, प्लास्टिकच्या काड्या, बर्फाचा पातळ पत्र्याचा चिमटा, ओपनर आणि पाककृतींची पत्रकं असतात. कामाचे नग चार-पाच, आणि नेमके तेच हलक्या प्रतीचे. तेवढ्याच पैशांत चार साधनं नीट घेता येतात: मोजायचं जिगर (दोन्ही टोकांना लहान-मोठा पेला असलेलं माप), दोन टिनांचा शेकर, स्प्रिंगची गाळणी आणि बर्फाचे झाकणवाले मोठे साचे. बाकीचं बहुतेक सगळं तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

सुरुवात जिगरपासून, कारण घरचं पेय बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. आपल्याकडे स्मॉल म्हणजे ३० मिली आणि लार्ज म्हणजे ६० मिली हे डोक्यात पक्कं असतं, म्हणून लोक पेगचं साधं माप घेतात आणि लिंबू-साखर अंदाजाने घालतात. दारू ५ मिली इकडेतिकडे झाली तर फारसं कळत नाही. लिंबाचा रस ५ मिली जास्त पडला तर पेय लगेच आंबट होतं. म्हणून ज्याच्या आत १५, २२.५, ३० आणि ४५ मिलीच्या रेषा कोरलेल्या आहेत, असंच दुतोंडी जिगर घ्या. आकार उंच आणि अरुंद हवा. त्याचं कारण साध्या गणितात आहे. ४५ मिमी रुंद तोंडाचं जिगर काठापासून २ मिमी कमी भरलं तर ३ मिलीपेक्षा जास्त फरक पडतो. तोंड ३५ मिमीचं असेल तर तोच फरक २ मिलीच्या आत राहतो. ३० मिलीच्या मापात ३ मिली म्हणजे दहा टक्के.

नवीन जिगर आणल्यावर ते वजनकाट्यावर तपासा. रिकामं जिगर ठेवून काटा शून्यावर आणा आणि रेषेपर्यंत पाणी भरा. ३० मिलीच्या रेषेला ३० ग्रॅम यायला हवेत, एखादा ग्रॅम इकडेतिकडे चालेल. बाजारातली काही जिगरं २५ आणि ५० मिलीची असतात, कारण ती ब्रिटिश मापाची आहेत. ती वाईट नाहीत, पण दुतोंडी म्हणजे ३० आणि ६० असं गृहीत धरून वापरली की प्रत्येक ग्लासात गडबड होते. ५ किंवा १० मिलीसाठी औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण उत्तम, तेही धुऊन, वास गेल्याची खात्री करून. बारच्या चमच्याने मात्र मोजू नका. कुणाच्या चमच्यात अडीच मिली मावतं, कुणाच्यात पाच.

आता बर्फ. या विषयात सर्वांत जास्त लक्ष मी इथे द्यायला सांगेन. बर्फाला आपण साधनांत धरत नाही, पण शेकरमध्ये जे घडतं ते सगळं बर्फामुळेच. पेय थंडही तोच करतो आणि पाणीही तोच घालतो. नीट शेक केलेल्या पेयाचा साधारण चौथा हिस्सा वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, आणि ते तेवढं असायलाच हवं. बिघडतं ते पाणी जास्त झालं की.

गोव्यात ते जास्त का होतं? एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता शोषतो. युरोपातली पाककृती लिहिणारा २० अंशांची बाटली धरून लिहितो. आपल्या कपाटातली बाटली एप्रिल-मेमध्ये ३० अंशांवर असते. १०० मिली मिश्रण दहा अंश जास्त गरम असेल तर तेवढ्यासाठीच सुमारे १२ ग्रॅम बर्फ जादा वितळतो. टिन गरम असेल तर त्याचा हिशेब वेगळाच. यावर खर्च काहीच नाही: फेणी, जिन, पाक आणि शेकरची दोन्ही टिनं पाहुणे यायच्या दोन तास आधी फ्रिजमध्ये ठेवा. ग्लास पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. एवढ्याने जो फरक पडतो तो महागडा शेकर घेऊन पडत नाही.

फ्रिजबरोबर येणाऱ्या ट्रेचा अर्धचंद्री पातळ बर्फ शेकसाठी निरुपयोगी आहे. तो आदळून फुटतो, चुरा होतो आणि भराभर वितळतो. २५ ते ३० मिमीचे चौकोनी तुकडे होतील असे सिलिकॉनचे साचे घ्या, आणि झाकण असलेलेच घ्या. झाकणाचा आग्रह का, ते गोंयकाराला वेगळं सांगायला नको. फ्रीझरमध्ये बांगडे असतात, सुंगटं असतात, चवथीच्या आधी मासे बंद असले तर सुकं असतं. बर्फ हे वास सहज धरतो. जिनमध्ये तो कळतो, पण साध्या सोड्यात सगळ्यात आधी कळतो. तयार झालेले तुकडे साच्यात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा दुहेरी पिशवीत काढून ठेवा. सिलिकॉनलाच वास लागला असेल तर साचा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवा आणि मग उन्हात वाळवा.

किती बर्फ लागेल याचा हिशेब बहुतेक लोक करतच नाहीत. एका पेयाच्या शेकला १८० ग्रॅम धरा, ग्लासात १२० ग्रॅम. सहा माणसं, प्रत्येकी दोन पेयं, म्हणजे बारा वेळा ३०० ग्रॅम: साडेतीन किलोच्या वर. एका साच्यातून अडीचशे ग्रॅमही मुश्किलीने निघतो. म्हणून गुरुवारपासून साठवायला लागा, किंवा पाकिटातला पिण्यायोग्य बर्फ विकत आणा. मासळीच्या बाजारातला, जेट्टीवरचा लादीचा बर्फ स्वस्त मिळतो, पण तो पिण्यासाठी बनवलेला नसतो. तो बाटल्या बाहेरून थंड करायला वापरा, ग्लासात नको. विकतचा बर्फ घरी येईपर्यंत अर्धा ओला होतो. ओला बर्फ म्हणजे पेय थंड व्हायच्या आधीच आत गेलेलं पाणी. तो आधी चाळणीत निथळवा, पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग वापरा.

काचेसारखा पारदर्शक बर्फ हवा असेल तर त्यालाही यंत्र लागत नाही. पाणी वरून खाली गोठलं की हवा आणि क्षार खाली ढकलले जातात आणि वरचा थर स्वच्छ निघतो. पिकनिकचा छोटा थर्माकोलचा किंवा जाड भिंतीचा डबा पाण्याने भरा, झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा आणि खालचा भाग पाणी असतानाच, म्हणजे साधारण १८ ते २४ तासांनी, बाहेर काढा. मग तो उलटा करून ठोकळा सोडवा. कापायच्या आधी तो दोन-तीन मिनिटं बाहेर राहू द्या. पृष्ठभाग पांढुरका होता तो चकचकीत झाला की कापायला तयार. लगेच कापला तर तडे जातात. पाव कापायच्या दातेरी सुरीने चीर पाडायची आणि सुरीच्या पाठीवर लाटण्याने हलके ठोकायचं. एका दाराच्या फ्रिजमध्ये एवढी जागा नसते, तेव्हा हा उद्योग ज्यांच्याकडे मोठा फ्रीझर आहे त्यांच्यासाठी. चवीला याने फरक पडत नाही, दिसायला पडतो आणि मोठा तुकडा सावकाश वितळतो.

शेकर. दुकानात जो डौलदार तीन भागांचा असतो, वर टोपण आणि आतच गाळणी, तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. थंड झालं की त्याचं टोपण आणि मधला भाग एकमेकांना घट्ट बसतात, आतली भोकं पुदिन्याने किंवा बर्फाच्या चुऱ्याने बुजतात आणि बहुतेकांची मापं इतकी लहान असतात की एका पेयापुरता बर्फही धड मावत नाही. दोन टिनांचा शेकर घ्या: मोठं साधारण ८३० मिलीचं, लहान ५३० मिलीचं, तळाला वजन जोडलेली. काचेचा ग्लास आणि टिन अशी जोडीही मिळते, पण ओल्या हातातून काच निसटते, आणि ती फुटली की ओट्यावरचा सगळा बर्फ फेकून द्यावा लागतो.

वापरायची पद्धत. सगळं लहान टिनात मोजा: आधी लिंबाचा रस, मग पाक, शेवटी दारू. चुकलात तर स्वस्त वस्तू ओतून द्यावी लागते. मोठ्या टिनात बर्फ अर्ध्याच्या वर भरा. लहान टिनातलं मोठ्यात ओता, लहान टिन त्यावर किंचित तिरकं बसवा, एका बाजूला दोन्ही टिनांची भिंत सरळ रेषेत येईल असं, आणि तळहाताने एक थाप मारा. उचलून पाहा, लहान टिन धरल्यावर मोठं सुटत नसेल तर बसलं. आता आडवं धरून, लहान टिन आपल्या बाजूला ठेवून, १० ते १२ सेकंद जोरात हलवा. लहान टिन आपल्याकडे ठेवायचं कारण असं की सील सुटलंच तर पेय आपल्या अंगावर येतं, पाहुण्यांच्या नाही. टिनाबाहेर दव धरून ते बोटांना झोंबायला लागलं की थांबा. त्यापुढे हलवत राहिलात तर पेय फारसं जास्त थंड होत नाही, फक्त पाणी वाढतं. आवाजाकडेही लक्ष द्या: सुरुवातीला तुकडे टणटण आदळतात, मग आवाज भरीव होत जातो. पाच सेकंदांतच तो खुळखुळ्यासारखा बारीक झाला तर बर्फ फुटतोय, तुकडे लहान होते.

टिनं अडकली की लोक ओट्यावर आपटतात. त्याने काठाला पोचा येतो, आणि पोचा आलेलं टिन पुन्हा कधी नीट बसत नाही. आतली हवा थंड होऊन आकसते आणि टिनं आत ओढली जातात, म्हणून ती घट्ट होतात. जिथे दोन्ही भिंती सरळ रेषेत आहेत ती जागा सोडा; तिथून पाव वळसा बाजूला, जिथे दोघांमध्ये फट सुरू होते, त्या जागी मोठ्या टिनाच्या काठावर तळहाताच्या टाचेने एक नेमका फटका द्या. सुटतं.

सोडा, टॉनिक, लिम्का, बिअर यांतलं काहीही शेकरमध्ये घालू नये. वायू मोकळा होतो, दाब वाढतो आणि टिन उडतं. फसफसणारं नेहमी ग्लासात, शेवटी.

अंड्याचा पांढरा घालणार असाल तर आधी बर्फाशिवाय १२ सेकंद, मग बर्फ घालून पुन्हा तेवढंच. बर्फाशिवायच्या शेकमध्ये आतली हवा आकसत नाही, म्हणून सील सैल राहतं. दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा.

शेकर आज घ्यायचा नसेल तर प्रोटीन पावडरच्या स्टीलच्या शेकरवर महिनाभर निभावतं, प्लास्टिकच्या नाही, त्यात वास मुरतो. लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी तिच्या झाकणातली चकती मोहरी-हिंग सोडत नाही.

गाळायला दोन गाळण्या लागतात. पहिली स्प्रिंगची, जी टिनाच्या तोंडावर बसते आणि बर्फ अडवते. स्प्रिंगचे वेढे दाट हवेत आणि ती तुमच्याच टिनावर बसते का ते दुकानातच बघून घ्या. तर्जनीने पुढची पट्टी दाबली की फट लहान होते, सोडली की मोठी. दुसरी बारीक जाळीची, जी ग्लासावर धरायची म्हणजे बर्फाचे कण, लिंबाचा चोथा आणि पुदिन्याचे तुकडे वरच राहतात. स्टीलची चहाची गाळणी यासाठी अगदी योग्य आहे, फक्त वेगळी ठेवा. रोज आल्याचा चहा गाळणाऱ्या गाळणीतून जिन गाळली तर आलं लागतंच. ओतताना गाळणी तुंबली तर तिच्या काठावर चमच्याने टिचक्या मारा, आत चमचा फिरवून दाबू नका, चोथा खाली जातो.

लिंबू. आपलं कागदी लिंबू लहान असतं, एकातून १२ ते १५ मिली रस निघतो. २२.५ मिलीसाठी दोन लिंबं धरून बाजारहाट करा. बिजागरीचा स्क्वीझर घ्या आणि लिंबाची कापलेली बाजू भोकांकडे, खाली ठेवा. निम्म्याहून जास्त लोक उलटं ठेवतात, सालीचा घुमट वाटीत बरोबर बसतो म्हणून. मग रस वर उडतो आणि साल नीट उलटत नाही. लाटण्यासारखं हाताखाली घोळवून मग कापलं तर रस सुटायला सोपा जातो. शेवटच्या थेंबासाठी जीव काढून दाबू नका, सालीतला कडवटपणा उतरतो. रंग दिलेले ॲल्युमिनियमचे स्क्वीझर रंग उडाल्यावर आम्लाने काळे पडतात, तेव्हा स्टीलचाच बरा. रस त्याच संध्याकाळी वापरा. सकाळी काढून ठेवलेला रात्री चालतो, दुसऱ्या दिवसाचा बोथट लागतो.

चेचायला मडलर विकत घेण्याची गरज नाही. साधं, पॉलिश नसलेलं लाटणं टिनात पोचतं. चेचायचं ते नेहमी टिनात. काचेच्या ग्लासात दस्ता मारून तळ फोडू नये. पुदिना फक्त दाबायचा, सात-आठ वेळा, कुटायचा नाही. तो फाटला की गवताची कडू चव येते आणि गाळणीही तुंबते. मिरची चिरून टाका, चेचू नका. तेफळं (तिरफळं) वापरणार असाल तर बिया काढून फक्त साल घ्या आणि दारूत दहा मिनिटं भिजत ठेवा. बी कडू असते आणि तोंडात कचकचते.

ज्या पेयात फक्त दारू आणि व्हर्मूथसारखी गोड-कडू द्रव्यं असतात, लिंबू किंवा दूध नसतं, ते ढवळायचं. त्यासाठी नक्षीदार काचेचा मिक्सिंग ग्लास मिळतो. तो मी सुचवत नाही. जाड काच स्वतःच भरपूर उष्णता धरून असते. फ्रिजमध्ये ठेवून थंड केलेलं तुमचं मोठं टिन हेच काम चांगलं करतं. लांब चमचा मात्र घ्या, ३० सेमीचा. चमच्याची पाठ भिंतीला टेकवून बर्फाचा सगळा गठ्ठा एकत्र फिरवायचा, २० ते २५ सेकंद. खळखळ आवाज येत असेल तर हवा मिसळते आहे, वेग कमी करा. उघडलेलं व्हर्मूथ फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. कपाटात आपल्या उकाड्यात ते लवकर शिळं होतं.

स्वयंपाकघरातला वजनकाटा हे बारचंच साधन समजा, कारण पाक मापाने नव्हे, वजनाने करायचा असतो. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी म्हणजे समसमान पाक नव्हे. साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते, आणि आपल्याकडे जाड-बारीक दाण्याची साखर मिळते, म्हणून वाटीतलं वजन दर वेळी बदलतं. ५०० ग्रॅम साखर, ५०० ग्रॅम गरम पाणी, विरघळेपर्यंत ढवळा, उकळवू नका. उकळलं तर पाणी उडून प्रमाण बदलतं. साधारण ८०० मिली पाक होतो, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये तीन आठवडे टिकतो. माडाच्या काळ्या गुळाचा पाकही याच प्रमाणात होतो आणि फेणीशी त्याचं फार छान जमतं, पण गुळात कचरा असतो, तेव्हा मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळा आणि दहा-बारा दिवसांत संपवा. मिठाचं पाणीही करून ठेवा: २० ग्रॅम मीठ, ८० ग्रॅम पाणी, ड्रॉपरच्या बाटलीत. आंबट पेयात तीन-चार थेंब घातले की चव उघडते. भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, आगळ वापरणार असाल तर हे थेंब वगळा. बहुतेक आगळात मीठ आधीच असतं; आधी चमच्यावर चाखा. आगळ आणि लिंबू तांब्या-पितळेच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात कधीही ठेवू नका. तांब्याचे मग सजावटीला छान दिसतात, पण आतून स्टीलचा किंवा दुसरा अस्तर नसेल तर आंबट पेयासाठी ते नकोत.

सालीसाठी बटाटे सोलायचं आडव्या पात्याचं सोलणं आणि एक धारदार लहान सुरी पुरे. ग्लास दोनच प्रकारचे: बर्फाशिवाय द्यायच्या पेयांना १५० ते १८० मिलीचे उभ्या दांड्याचे, आणि सोड्याच्या पेयांना ३०० मिलीचे उंच सरळ. २५० मिलीचे मोठे पसरट ग्लास घेतले की पेय तळाशी बसलेलं दिसतं आणि भरून काढायला लोक दारू वाढवतात.

भट्टीवरून बाटलीत भरून आणलेली फेणी वापरत असाल तर तिची तीव्रता बदलती असते हे ध्यानात ठेवा. लेबलवाली फेणी सहसा ४२.८ टक्के असते. अल्कोहोलमीटर घेतलात तर तो २० अंशांना जुळवलेला असतो. ३० अंशांच्या फेणीत तो तीन-चार टक्के जास्त दाखवतो. नमुना थंड करून मोजा किंवा तेवढे वजा करा.

आता गंजाबद्दल, कारण खाऱ्या हवेत हलकी साधनं एका पावसाळ्यात कामातून जातात. तांबूस किंवा सोनेरी मुलामा दिलेला सेट घेऊ नका, लिंबाने मुलाम्याला डाग पडतात आणि पुढे पापुद्रे सुटतात. ३०४ प्रतीचं स्टील मागा. लोहचुंबक लावून पाहायची युक्ती अर्धवट आहे: चिकटला तर ते ३०४ बहुधा नाही, पण नाही चिकटला म्हणून ३०४ ठरत नाही, कारण स्वस्त २०२ लाही तो चिकटत नाही. सगळ्यात आधी गंजते ती गाळणीची स्प्रिंग. ती ओढून बाहेर काढता येते. काढून धुवा, फडक्याने पुसा, कोरडी झाल्यावर परत गुंडाळा. लिंबू-मिठाची टिनं रात्रभर सिंकमध्ये पडू देऊ नका आणि ब्लीच लावू नका, दोन्हींनी स्टीलवर बारीक खड्डे पडतात. टिनं एकमेकांत घालून ठेवली तर आत ओल राहते, वेगवेगळी उपडी ठेवा. लाकडी वस्तूंना जून-जुलैमध्ये बुरशी धरते, म्हणून सेटबरोबरचा तो स्टँड आणखी एका कारणाने नको.

साधनं आली की एक पेय करून सगळ्यांची परीक्षा घ्या. काजू फेणी ६० मिली, लिंबाचा ताजा रस २२.५ मिली, साखरेचा समसमान पाक २२.५ मिली, मिठाच्या पाण्याचे तीन थेंब. सगळं मिळून १०५ मिली. मोठ्या कोरड्या बर्फावर १२ सेकंद शेक करा, दोन गाळण्यांतून गाळा, आणि ग्लासात घेण्याआधी मोजपात्रात ओता. १३५ ते १४५ मिली भरायला हवं. १६०च्या पुढे गेलं तर बर्फ ओला किंवा बारीक होता, नाहीतर बाटली गरम होती. १२५च्या खाली आलं तर कमी हलवलंत, किंवा सीलमधून गळलं; टिनाखालचा ओटा पाहा. मोजमाप बरोबर भरलं आणि तरीही पेय फार आंबट लागलं, तर पाक वाटीने केला होता का ते आठवा. लिंबं त्या आठवड्यात जास्तच आंबट असतील तर रस २० मिलीवर आणा, पाक वाढवू नका. फेणीचा वास ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी ३० मिली फेणी आणि ३० मिली पांढरी रम घ्या, बाकी प्रमाण तेच.

आणि हुर्राकच्या दिवसांत, साधारण मार्च ते मे, यातलं बरंचसं कपाटात राहू द्या. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची एकदाच गाळलेली दारू, १५ टक्क्यांच्या आसपासची. शेकरमधलं पाणी त्याला सोसत नाही, सगळी चव निघून जाते. उंच ग्लास, मोठे दोन-तीन बर्फाचे तुकडे, ९० मिली थंड हुर्राक, अर्धं लिंबू पिळून, एक उभी चिरलेली हिरवी मिरची, चिमूटभर मीठ आणि वरून १२० मिली गार लिम्का. चमच्याने खालून वर एकदाच फिरवा. इथे जिगर, बर्फाचा साचा आणि सुरी एवढंच लागतं.